मधला पाऊण तास

"किल्ली काढा," असं म्हणत सिस्टरने स्टीलची वाटी आबांच्या हनुवटीखाली धरली. "अंगावर धातू चालत नाही."

आबांनी उजव्या हाताची मूठ गळ्यापाशी घट्ट आवळली. डावा हात सोमवारपासून फळीला बांधलेला होता, नाहीतर त्यांनी किल्ली दोन्ही हातांनी धरली असती.

"तुम्हाला मनगट कापायचंय, गळा नाही," ते म्हणाले. "ती जिथे आहे तिथे राहील."

"आजोबा, सगळ्यांनाच काढावं लागतं. डोक्यावरून काढून द्या."

"डोक्यावरून निघत नाही. मापात बांधलाय दोरा. आणि गाठ तुम्हाला सुटायची नाही. आजवर कुणाला सुटली नाही."

यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. आबा पुस्तकबांधणीच्या धंद्यात चाळीस वर्षं होते. मेण लावलेल्या दोऱ्याची ती गाठ त्यांनी स्वतःच बसवली होती: दोन पीळ, टोक उलटं फिरवून स्वतःच्याच पोटाखाली, आणि मग एक झटका. दुकानाच्या कपाटाला, गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांना, इतकंच काय, घरातल्या बिस्किटांच्या डब्यालासुद्धा ते हीच गाठ मारत. कुणी खटपट करून सोडलीच, तर पुन्हा तशी बांधता आली नसती, आणि चोरी लगेच उघडी पडली असती. एकुलत्या एक मुलाने बारा वर्षांचा असताना ती शिकवा म्हणून हट्ट धरला होता. आबांनी पाठ फिरवून गाठ मारली आणि "मोठा झालास की बघू" म्हणाले. मुलगा मोठा होऊन बोटीवर इंजिनिअर झाला, समुद्रात गेला, तरी ते बघणं काही झालं नाही.

आबांना माणसं वाईट वाटत असं नाही. ती चांगली आहेत याचा पुरावा त्यांना लागे, इतकंच.

पलंगाच्या पायथ्याशी सूनबाई फाइल छातीशी धरून उभी होती. तीन दिवस ती दुकानाची किल्ली मागत होती आणि तीन दिवस आबा दाद देत नव्हते. मागण्याला कारण होतं, हे आबांनाही ठाऊक होतं. सोमवारी ते स्टुलावरून पडले तेव्हा दुकानातल्या शिकंज्यात एक पुस्तक दाबून ठेवलेलं होतं. वाचनालयाचं, वनस्पतींच्या रंगीत चित्रांचं, दुसरी प्रत कुठे नाही असं. नळ फुटून ते भिजलं होतं. आबांनी पान न् पान सुटं करून पुसलं, फाटलं होतं तिथे खळ लावून पातळ कागद चिकटवला, मध्ये टीपकागद घातले आणि दाबलं. ते टीपकागद रोज बदलावे लागतात. नाही बदलले तर चौथ्या दिवशी बुरशी धरते, आणि पानं एकमेकांना अशी चिकटतात की मग ते पुस्तक राहत नाही, वीट होते.

आज गुरुवार होता.

"आबा," सूनबाई हळूच म्हणाली, "अजून वेळ आहे. मी जाऊन बदलून येते. तुम्ही फक्त सांगा कसं करायचं."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच म्हणतेय, सांगा."

आबांनी भिंतीकडे बघितलं. पुस्तकाच्या काळजीने त्यांना तीन रात्री झोप नव्हती, पण किल्लीच्या काळजीपुढे पुस्तकाची काळजी दुय्यम ठरत होती. सूनबाईचा भाऊ झेरॉक्सचं दुकान चालवत असे आणि त्याला जागा पुरत नसे. दोन महिन्यांपूर्वी तो आबांच्या दुकानाच्या दारात उभा राहून आत नजर फिरवत म्हणाला होता, "जागा मोक्याची आहे हो." बस्स, तेवढंच. तेव्हा आबांच्या मनात जी पाल चुकचुकली ती अजून गप्प बसली नव्हती. म्हातारा एकदा आडवा पडला, किल्ली एकदा हातात आली, की दोन यंत्रं आत सरकवायला कितीसा वेळ लागतो?

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि कसलीच घाई नसलेल्या. आबांनी त्यांनाही खालपासून वरपर्यंत न्याहाळून घेतलं.

"मला झोपवायचं नाही," ते म्हणाले. "मी जागा राहणार."

"झोपवणारच नाही. फक्त हात बधिर करणार. इथे, गळ्याच्या हाडाच्या वर, हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा असतो. त्याच्याभोवती औषध सोडायचं."

"बधिर म्हणजे नेमकं काय करता?"

बाईंना प्रश्न आवडलेला दिसला. त्या स्टूल ओढून बसल्या.

"नस म्हणजे निरोप्यांची रांग समजा. तिच्या भिंतीत बारीक बारीक दारं असतात. कुठे दुखलं की पहिलं दार उघडतं, मिठातला सोडियम आत घुसतो, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. असा निरोप मेंदूपर्यंत जातो. आमचं औषध नसेत शिरतं आणि आतल्या बाजूने त्या दारांना कडी घालतं. मनगट बोंबलत राहील, पण वर कुणाला ऐकू जाणार नाही."

"आणि कडी काढतं कोण?"

"रक्तच ते औषध हळूहळू वाहून नेतं. संध्याकाळी बोटांना मुंग्या येतील, मग दुखेल. दुखायच्या आधी सांगायचं."

"पूर्ण भूल दिली असती तर?"

"तिचं काम मेंदूतच चालतं. तिथले भाग आपसात बोलायचे थांबतात. कसे थांबतात ते बरंचसं कळलंय, सगळं अजून नाही कळलं."

"म्हणजे कळलेलं नसताना देता!" आबांनी सूनबाईकडे 'ऐकलंस?' अशा नजरेने पाहिलं.

बाई हसल्या. "म्हणून तर शेजारी बसून राहतो आम्ही, डोळ्यांत तेल घालून. आता तुमचं ब्लडप्रेशर बघा किती चढलंय. शिरेतून थोडं मन शांत करणारं औषध देते. तुम्ही जागेच असाल, नीट बोलाल. फक्त तेवढ्या वेळाची नोंद डोक्यात राहणार नाही. मागाहून आठवत नाही काही."

"मी आजवर काही विसरलेलो नाही."

"मग बघू या," बाई म्हणाल्या. "आणि किल्ली असू दे हो सिस्टर तूर्त. टेबलावर घेताना बघू."

आबांनी संमतीचा कागद तळाच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढला, सही केली, आणि उजव्या हाताला लावलेल्या नळीत बाई औषध सोडत होत्या ते डोळे न मिटता पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. छताला एक चौकोनी दिवा होता. आपल्याला काहीही होत नाही, औषध पाण्यासारखंच दिसतंय, असं त्यांच्या मनात आलं.

छताला मोठा गोल दिवा होता.

चौकोनी दिवा गोल कधी झाला, म्हणून आबांनी मान वळवली, तर घड्याळही वेगळं होतं आणि त्यात पावणेअकरा झाले होते. छातीपुढे हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे कुणीतरी सुतारकाम करत होतं. छिद्र पाडायच्या यंत्राचा घरघराट आणि मध्येच बोलणं. डावा हात छातीवर दुमडून ठेवलाय असं त्यांना स्पष्ट जाणवत होतं. पण छातीवर काहीच नव्हतं. हात लांब, फळीवर, पडद्यापलीकडे पसरलेला होता आणि त्याच्यातच स्क्रू पिळले जात होते.

गळा चाचपायला त्यांनी उजवा हात उचलला. तो पट्ट्याने बांधलेला होता.

"माझी किल्ली?"

"सुनेकडे आहे, आजोबा," डोक्यामागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "स्वस्थ पडून राहा. छान चाललंय."

छान! आबा पुढचा तासभर त्या दिव्याखाली जागे पडून राहिले. मनगट चिरलेलं होतं आणि दुखत नव्हतं. जे दुखत होतं तिथे यांचं औषध पोचत नव्हतं. दहा ते पावणेअकरा. त्या पाऊण तासात काय झालं? त्यांनी दहादा आठवून पाहिलं. चौकोनी दिवा, आणि लगेच गोल दिवा. पुस्तकाच्या मधून कुणीतरी सोळा पानांचा फर्मा काढून घ्यावा आणि पाठ पुन्हा शिवून टाकावी, तसा तो वेळ गेला होता. किल्ली जिथे आहे तिथे राहील, असं आपण बजावलेलं त्यांना आठवत होतं. मग ती तिच्याकडे गेली कशी? औषध द्यायच्या आधीच 'आठवणार नाही' असं सांगून ठेवायचं, ही तर बाईंची फारच सोयीची तजवीज होती.

वॉर्डात आणल्यावर चादरीखाली त्यांच्या उजव्या हाताला एक हात लागला. गरम, जड, कुणातरी परक्याचा. आबा दचकून ओरडले, "कोण आहे इथे?"

वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. "अहो, तुमचाच आहे तो! बधिर आहे ना."

"सून कुठाय?"

"त्या मघाशीच गेल्या. तुम्हाला आत घेतलं, तशा गेल्या. दुपारपर्यंत येते म्हणाल्या."

म्हणजे इकडे सासरा कापला जात होता आणि तिकडे सून दुकानात. आबांनी डोळे मिटून घेतले. 

सूनबाई एक वाजता आली. घामाघूम, केस सुटलेले, आणि बाहीला पांढरा, वाळलेला डाग. आबांना डोळे उघडायची गरज नव्हती. खळीचा आंबूस वास त्यांनी पलंगावरून ओळखला.

"कसं वाटतंय आबा?"

"दुकानात गेली होतीस."

"हो. तुम्हीच—"

"एकटी?"

ती जराशी घुटमळली. "दादाला बोलावलं होतं. शिकंज्याचा दांडा माझ्याने हलेना."

आबा उठून बसले. एका हाताने उठून बसणं सोपं नव्हतं, पण संतापाने ते जमवलं. "तरीच! भावाला घेऊन गेलीस. जागा मोजून झाली का? यंत्रं कधी आणताय?"

"कसली यंत्रं?" सूनबाईचा आवाज चढला, मग बाकीच्या पलंगांकडे बघून तिने तो खाली आणला. "आबा, किल्ली तुम्ही दिलीत मला. आपल्या हाताने. आत न्यायच्या आधी, हात बधिर व्हायची वाट बघत होतो तेव्हा. मी मागितलीसुद्धा नव्हती."

"मी दिली! आणि मलाच ठाऊक नाही?"

"बाईंना विचारा. सिस्टरना विचारा. तुम्ही चांगले बोलत होतात. शिकंजा एकदम सोडू नकोस, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने सोड म्हणालात. टीपकागद माळ्यावरच्या खोक्यात आहेत म्हणालात. पान कोपऱ्याने उचलायचं नाही, मधून हात घालायचा. सगळं दोन-दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलंत, शाळेतल्यासारखं."

"औषध पाजून माणसाकडून काय वाटेल ते वदवून घेता येतं."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं, खळीच्याच बाहीने.

"सात वर्षं झाली मला या घरात," ती म्हणाली. "बिस्किटाच्या डब्याला गाठ मारता तुम्ही. मी कधी काही बोलले का? आज वाटलं... जाऊ दे. तेव्हासुद्धा तुमचं तेच. सिस्टरने दोरा कापला, मी म्हटलं मनगटात घालते म्हणजे हरवायला नको, म्हणून गाठ मारत होते, तर हिसकावून घेतलात. म्हणालात, तुझी गाठ मी नंतर मानणार नाही. माझी साधी गाठसुद्धा चालली नाही तुम्हाला."

"संध्याकाळी त्याचा फोन येईल ना बोटीवरून," आबा म्हणाले. "त्याला सांगणार आहे मी. घरात एक तर मी राहीन, नाहीतर तू."

सूनबाईने मनगटातून किल्ली उतरवून ती पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली, औषधांची चिठ्ठी उचलली आणि खाली निघून गेली.

आबांनी आधी किल्लीचे दात तपासले. साबणात दाबून छाप घेतला असला तर खाचेत पांढरं राहतं, हे त्यांना माहीत होतं. नव्हतं. मग वास घेतला. लोखंडाचा होता. मग त्यांनी दोरा हातात घेतला. तो कापलेला होता, आणि आखूड करून मनगटाच्या मापाचा बांधलेला होता. कापलेला दोरा! हा पुरावा मुलाला दाखवता आला असता. गाठ कोणी मारली ते बघायला त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

दोन पीळ. टोक उलटं फिरवून पोटाखाली.

आबा बराच वेळ तसेच धरून राहिले. मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. कुणी बघून बघून शिकलं असेल का? पण ही गाठ त्यांनी कधी कुणाच्या देखत मारलीच नव्हती. सुटलेल्या गाठीवरून उमगली असेल म्हणावं, तर नक्कल करणारा ती नीटनेटकी मारतो. ही एका बाजूला ढिली होती, डावा हात कामातून गेलेल्या माणसाने मारल्यासारखी. आणि टोक चपटं होऊन त्यावरच्या मेणात दाताची खूण उठली होती. चपट्या खुणेच्या मधोमध एक बारीकशी उभी रेघ होती, जिथे दात टेकलाच नव्हता.

आबांनी जीभ समोरच्या दातावर फिरवली. चाळीस वर्षं दोरा तोडून तोडून त्या दाताला मधोमध खाच पडलेली होती.

संशयाला आता कुठे जागा उरली आहे का, हे त्यांनी जुन्या सवयीने शोधून पाहिलं. गाठ तिच्यासाठी नव्हती. तिला गाठीतलं काही कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नव्हतं, ती तर अपमान समजून रडली होती. मग त्या पाऊण तासातल्या माणसाने एका हाताने आणि दातांनी इतकी खटपट कुणासाठी केली? 'नंतर मी मानणार नाही.' त्याला किल्ली कुणाला द्यावी हे कळलं होतं. आणि शुद्धीवर येणारा म्हातारा कसा आहे, हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याला पटेल अशी एकच साक्ष जगात होती, ती त्याने बांधून ठेवली होती.

आबांना लाज वाटली. इतकी, की वॉर्डात कुणी आपल्याकडे बघत नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं.

सूनबाई औषधं घेऊन आली. पाण्याचा पेला भरून तिने तो त्यांच्या उजव्या हाताला लागेल असा ठेवला आणि स्टुलावर तोंड फिरवून बसली. आबांनी दोन घोट पाणी घेतलं आणि पेला परत ठेवला.

"बुरशी दिसली का कुठे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कडेला दोन पानांवर. ठिपके होते बारीक." ती खिडकीकडेच बघत म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं तसं कोरड्या ब्रशने झटकून काढले. चित्रांना काही झालेलं नाही."

"आणि भाऊ?"

"दांडा फिरवून गेला. त्याची गिऱ्हाइकं खोळंबली होती."

आबांनी मान डोलावली. बाहेर उतरती उन्हं आली होती. डाव्या हाताच्या बोटांत कुठेतरी खोल मुंग्या येऊ लागल्या. एकेक कडी निघत होती. दुखायच्या आधी सांगायचं, असं बाईंनी बजावलं होतं. आज थोडं दुखू दे, असं आबांनी ठरवलं.

साडेसहाला फोन वाजला. सूनबाईने पडद्यावरचा नंबर पाहिला आणि फोन आबांच्या हातात दिला. मग ती उठून दाराकडे चालू लागली. आपल्याविषयी जे बोललं जाणार ते ऐकायला थांबू नये, एवढं तिला कळत होतं.

"आबा! झालं ना नीट?" लांबून, वाऱ्याच्या आवाजातून मुलगा ओरडत होता. "हात कसा आहे? आणि त्या वाचनालयाच्या पुस्तकाचं काय? ती म्हणत होती, खराब होईल म्हणून."

"नाही होत. टीपकागद बदललेत. उद्याही ती जाईल बदलायला."

"ती? अहो, पण किल्ली?"

"तिच्याकडेच असते."

दारापाशी पावलं थांबली होती.

"तुम्ही दिलीत?" मुलाने विचारलं. त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. "कधी?"

आबांनी दाराकडे पाहिलं. आठवण्याचा त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. चौकोनी दिवा, आणि लगेच गोल दिवा.

"सकाळी," ते म्हणाले. "चांगला शुद्धीत होतो मी."